चिखलदऱ्याच्या बंबाचं झाकण

मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, मला पिंप म्हणायचं नाही! पिंपाच्या पोटात नुसतं पाणी असतं. माझ्या पोटात पाणी आहे आणि आगही आहे, आणि त्या दोघांना मी जन्मभर एका घरात नांदवत आलो आहे. मी बंब आहे. घंटा वाजवत धावणारा आगीचा बंब नव्हे हं, तो आग विझवतो. मी आंघोळीचा बंब. जुना, अस्सल तांब्याचा, चिखलदऱ्याचा!

माझा जन्म अमरावतीचा. राजापेठेच्या बाजूला एका तांबटाच्या दुकानात मी घडलो. माझ्या अंगावर हे बारीक बारीक खळगे दिसतात ना, ते हातोडीचे ठोके आहेत. तांबट एका हाताने मला फिरवायचा आणि दुसऱ्या हाताने ठोकायचा, आणि सगळी गल्ली कानांत बोटं घालून चालायची. त्याने माझ्या बुडाशी आगीसाठी एक छोटं दार केलं, मधून धुराची नळी काढली, बाजूला पितळेची तोटी बसवली, आणि माथ्यावर पाणी ओतायला तोंड करून त्यावर एक सुरेख झाकण घातलं. हे बुडाचं दार आणि माथ्यावरचं झाकण नीट लक्षात ठेवा. माझी सगळी कहाणी त्या दोघांमधल्या हातभर अंतरात घडली आहे.

एका इंग्रज साहेबाने मला चिखलदऱ्याच्या बंगल्यासाठी विकत घेतलं. परतवाड्यापर्यंत मी मोटारीच्या टपावर बसून आलो आणि पुढे बैलगाडीतून घाट चढलो. वळणावळणाला माझी तोटी खडखडायची. वर पोचलो तेव्हा ढग चक्क बंगल्याच्या ओट्यावर येऊन बसला होता! अमरावतीत ढग एवढे खाली येत नाहीत, मला काय माहीत? मला वाटलं, माझ्याआधी इथे कुणीतरी दुसरा बंब पेटवला आहे.

या गावाची गोष्ट फार जुनी. लोक सांगतात की भीमाने कीचकाला इथेच मारलं, दरीत लोटून दिलं, आणि मग भीमकुंडात जाऊन रक्ताचे हात धुतले. त्या गार पाण्यात! बिचारा. तेव्हा मी नव्हतो ना. पुढे गाविलगडाचा किल्ला आला, राजे आले आणि गेले. मग शिकारी साहेब आले, त्यांनी लाल कौलांचे बंगले बांधले आणि कॉफीची झाडं लावली. स्वातंत्र्य मिळालं तसे साहेब निघून गेले आणि कॉफी राहिली. माझा साहेबही गेला. त्याचा बंगला अमरावतीच्या वामनरावांनी घेतला, बंगल्याबरोबर मलाही घेतलं, आणि तिथे पाहुण्यांसाठी विश्रांतीगृह सुरू केलं.

चिखलदरा म्हणजे कसं गाव आहे सांगू? वर्षातले आठ-नऊ महिने ते पांघरूण ओढून झोपलेलं असतं, आणि सुट्ट्या लागल्या की एकदम डोळे चोळत उठतं. वैशाखात परतवाड्याहून प्रवाशांची सर्विस गाडी धापा टाकत वर आली की आतून अकोल्याचे वकील, अमरावतीचे मास्तर आणि कापसाचे व्यापारी उतरायचे. शेजारच्या मोथा गावचे गवळी दुधाच्या कॅना घेऊन धावायचे. जे लोक अकोल्याला माठाशेजारी उघड्या अंगाने पडून असायचे, ते इथे उतरल्या उतरल्या स्वेटर घालायचे आणि म्हणायचे, "वामनराव, गरम पाण्याची सोय आहे ना?"

आणि वामनराव माझ्याकडे बोट दाखवायचे! तेव्हा माझी ऐट काय विचारता. पहाटे मागच्या अंगणात टिनाच्या छपराखाली मी धुमसत उभा, आणि पुढे बादल्यांची रांग. वकील, मास्तर, व्यापारी, सगळे टॉवेल गुंडाळून थरथरत माझ्यापुढे उभे. कोर्टात हे कसे बोलत असतील ते मला ठाऊक नाही, पण माझ्यापुढे फार गोड बोलायचे.

मला दोन माणसं सांभाळायची. एक जाईबाई आणि दुसरे नत्थुजी.

जाईबाई सरपण आणायची, जाळ घालायची, राख काढायची. ओलं लाकूडसुद्धा तिच्या हाती गुमान पेटायचं. नत्थुजी विहिरीवरून बादल्या आणून माझ्यात पाणी भरायचे. जाईबाईने पाणी भरायचं नाही, असा नियम होता. कारण तुम्ही ओळखलंच असेल. ज्यांच्या हातचं पाणी चालत नाही असं लोक म्हणायचे, त्यांच्यातली ती होती. म्हणून माझ्या बुडाचं दार तिचं आणि माथ्यावरचं झाकण नत्थुजींचं. झाकण उघडायचं नाही, तोटीला शिवायचं नाही, पाणी आहे की नाही हे बघायला माझ्या पोटावर टिचकीसुद्धा मारायची नाही. तिने पेटवलेल्या आगीवर पाणी तापलं तर चालायचं. तिचा हात मात्र चालत नव्हता! मी पडलो भांडं. मला आग कुणाची आणि पाणी कुणाचं, हे आतून कधीच वेगळं कळलं नाही.

छप्पन्न साली दसऱ्याला जाईबाई आपल्या मुलीला घेऊन नागपूरला जाऊन आली. लाखो माणसांबरोबर त्या दोघींनी धम्म घेतला. जाईबाई गेली तेव्हा मान खाली घालून गेली होती. परत आली तेव्हा मान वर होती. पण अंगणातला नियम होता तसाच राहिला. शिवाशीव बंद करणारा कायदाही झाला होता म्हणे, पण तो अजून घाट चढत होता.

तिच्या मुलीचं नाव पंचफुला. सगळे तिला फुला म्हणायचे. तिचा बाप जंगलातल्या कामावर महिना महिना बाहेर असायचा, म्हणून ती आईबरोबर पहाटे यायची, माझ्या दाराच्या उजेडात पुस्तक धरून बसायची आणि मोठ्याने इतिहास वाचायची. शिवाजी महाराजांच्या सगळ्या लढाया मला तोंडपाठ आहेत त्या तिच्यामुळे.

आता सत्तावन्न सालची दिवाळी. वामनरावांकडे सगळ्या खोल्या भरलेल्या. नरकचतुर्दशीच्या अभ्यंगस्नानासाठी उजाडायच्या आत गरम पाणी हवं. जाईबाईच्या घरी आता दिवाळी नव्हती, पण पाहुण्यांची होती, आणि काम ते काम. आदल्या दिवशी नत्थुजी दूध-खवा आणायला मोथ्याला गेले होते, ते बहिणीकडे तापाने आडवे झाले. परत आलेच नाहीत. वामनरावांना वाटलं, जायच्या आधी पाणी भरून गेले असतील. जाईबाईला कुणी काही सांगितलंच नाही. ती रोजच्यासारखी पहाटे आली आणि तिने दार उघडून जाळ घातला. सण होता म्हणून चांगला दुप्पट जाळ!

मित्रांनो, मी रिकामा होतो.

ओरडावंसं वाटलं. पण बंबाला ओरडायला आत पाणी लागतं, तेव्हा कुठे तो उकळून आवाज करतो. माझं पोट लालबुंद झालं. सांधे वितळले. तोटी ठण् करून फरशीवर पडली आणि घरंगळत वामनरावांच्या पायाशी गेली. पाठीमागे पाहुण्यांची रांग उभी होती. अंगाला तेल, तेलावर उटणं, हातात रिकाम्या बादल्या!

"अवं माय!" जाईबाई कपाळाला हात लावून मटकन खाली बसली.

"काय केलं हे जाई?" वामनराव गरजले. "कोरडा बंब पेटवला? दहा वर्सं झाली तुले, एवढं समजत नाई? डोळे कुठी होते तुहे?"

अकोल्याच्या सत्यभामाबाई रांगेत पहिल्या होत्या. वकिलाच्या घरच्या, जिभेने तिखट. अंगावरचं उटणं वाळून त्यांचा चेहरा भिंतीसारखा झाला होता. त्या म्हणाल्या, "वामनराव, तुमचं भांडण मंग करा. मी आता अशी पिवळी पिवळी दिवाळी करू काय?"

रांगेत कुणीतरी हसलं. त्याने वामनरावांचा पारा आणखी चढला. "उद्यापासून येऊ नको," ते जाईबाईला म्हणाले. "अन् हे भांडं मोडीत घाला."

म्हणजे एका वाक्यात आम्ही दोघंही गेलो! पण जाईबाईच्या मागून फुला पुढे आली. हातात इतिहासाचं पुस्तक तसंच होतं.

"मालक, माही माय झाकन कशी उघडन?" ती म्हणाली. "तुमीच त उघडू देत नाई. आत पानी हाय का नाई, हे तिनं कुठून पाहाव? बुडातून?"

मी तर श्वास रोखला, नाही तरी आत वाफ नव्हतीच.

"लय बोलाले लागली तुही पोट्टी," वामनराव म्हणाले, पण आवाज उतरला होता.

"बोलन मी. बंब मी दुरुस्त करून आनीन. पन मंग जो आग लावीन तोच पानी भरीन. नाई त तुमची आग तुमी लावा, आमी चाललो."

दुपारी नत्थुजी तापातच काठी टेकत आले. सगळं ऐकलं आणि ओट्यावर बसून म्हणाले, "चूक माही हाय, वामनराव. मले निरोप धाडाले पायजे होता. अन् खरं सांगू? माह्या कमरेचे हाल झाले बाप्पा. भरू द्या पोरीले पानी. मी त तिच्या हातचा चहा कवाचाच पेतो, तुमाले सांगतलं नाई फक्त."

वामनरावांची अडचण मोठी होती. पाहुणे आठवडाभर राहणार, थंडी वाढत चाललेली, आणि आग घालणारं दुसरं कुणी मिळेना. शेवटी त्यांनी मान डोलावली. "आन दुरुस्त करून. पन ऐक. हे पाहुणे जायच्या आत कोनी तुह्या पान्यानं आंघोळ केली, त तुही गोठ खरी. नाई केली, त मायलेकी मले अंगनात दिसू नका."

"कबूल," फुला म्हणाली. एका क्षणाचाही विचार केला नाही तिने!

लाकडं वाहणाऱ्या गाडीवर मला दोरांनी बांधलं आणि फुला माझ्या गळ्यात हात टाकून बसली. घाटातून खाली येताना दोन्ही बाजूंना धुकं होतं आणि ती माझ्याशी बोलत होती. "भिऊ नको, मोडीत नाई जाऊ देत मी तुले." तिचेच दात थंडीने वाजत होते.

परतवाड्याला एका म्हाताऱ्या कल्हईवाल्या चाचांनी मला उलटंपालटं करून पाहिलं. "पानी नहीं था क्या अंदर, बेटी? देख के जलाना था ना."

"पाहू देत नव्हते, चाचा."

चाचांनी तिच्याकडे पाहिलं. भाता सुरू केला, सांधे झाळले, तोटी बसवली, आतून नवी कल्हई केली. मग झाकण तिच्या हातात दिलं आणि म्हणाले, "ले, अब देख. जी भर के देख."

मित्रांनो, दहा वर्षं जिची आई माझ्यापुढे बसली, तिने त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या आत पाहिलं. नव्या कल्हईत तिचा चेहरा चमकला. तिला काय वाटलं कुणास ठाऊक, तिने माझ्या तोंडाशी तोंड नेलं आणि ओरडली, "कोन हाय?"

"हाऽऽय!" मी म्हणालो. चिखलदऱ्याच्या पाचबोल पॉइंटवर हाक मारली की दरी पाच वेळा उत्तर देते. मला एकदाच देता आलं. पण जीव ओतून दिलं.

परत आलो त्या संध्याकाळी जाईबाई हळूच म्हणाली, "फुले, पहाटे अंधारातच भरून टाकू व पानी. कोनाले समजते? सारे आंघोळ करतीन, अन् आपन रायतो अठीच."

फुलाने मान हलवली. "मंग काय मतलब, माय? लपून भरलं त झाकन बंदच राह्यलं ना."

आणि म्हणून तिने दुसऱ्या दिवशी चांगलं उजाडू दिलं. पाहुणे ओट्यावर चहा पीत होते. त्यांच्या समोरून ती विहिरीवर गेली, बादली भरली, सगळ्यांच्या देखत माझं झाकण उघडलं आणि पाणी ओतलं. एक, दोन, तीन, अशा बारा बादल्या. एक थेंबही सांडला नाही. मग आईला म्हणाली, "लाव आता काडी."

मी तापलो. मी उकळलो. माझ्यातून वाफेची शिट्टी निघाली. पण एकही बादली पुढे आली नाही. फुलाने बादली बुडवली त्याच विहिरीवर पाहुणे गेले, ते कसं चाललं मला विचारू नका, आणि गार पाण्याने "हर हर गंगे" करत उड्या मारत राहिले. एक कुटुंब तर सामान घेऊन दुसऱ्या बंगल्यात राहायला गेलं. संध्याकाळी मी निवलो. माझ्या आयुष्यात एवढं पाणी तापून वाया गेलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा बारा बादल्या. पुन्हा कुणी नाही. वामनराव येता-जाता घड्याळाकडे पाहायचे, जसं काही घड्याळच आंघोळ करणार होतं. जाईबाईचा धीर सुटत चालला. "चाल फुले, घरी जाऊ."

"उद्या आखरी दिवस हाय. उद्या बी भरीन."

पण या गावाचाही काही स्वभाव आहे, मित्रांनो! आमचं चिखलदरा वकील पाहत नाही, मास्तर पाहत नाही. त्या रात्री असा गारठा पडला की सकाळी गवत दवाने पांढरं झालं होतं. विहिरीतून वाफ निघत होती. ओट्यावरून एकामागून एक शिंका ऐकू येत होत्या. फुलाची बारावी बादली माझ्यात पडली, जाईबाईने जाळ घातला, आणि मी वाट बघत उभा राहिलो.

ओट्यावरून सत्यभामाबाई उतरल्या. नाक लाल, डोक्यावरून शाल, हातात बादली. मागून त्यांचे यजमान म्हणाले, "अगं, कुठे चाललीस?"

"कोर्टात!" त्या म्हणाल्या आणि थेट माझ्यापुढे येऊन उभ्या राहिल्या. तोटी सोडली. गरम पाण्याची धार बादलीत पडली तसा त्यांच्या तोंडावर सुखाचा असा भाव आला, की मी तो आजवर विसरलो नाही. त्यांनी पाण्यात बोट घातलं आणि चटकन काढलं.

"अवं, केवढं कढत हे! काय व पोरी, उभी काहून राह्यली? विसण घाल ना थोडं!"

विसण म्हणजे कढत पाण्यात घालायचं गार पाणी. फुलाने तांब्या भरून घेतला आणि सत्यभामाबाईंच्या बादलीत आपल्या हाताने ओतला.

"आनखी?" तिने विचारलं.

"आणखी. बस. बस म्हटलं ना, थंड करतं काय!"

माफी नाही, भाषण नाही, डोक्यावरून हात फिरवणं नाही. त्या बादली उचलून न्हाणीघरात गेल्या आणि आतून पाण्याचा आवाज येऊ लागला. मग एक बादली आली, मग दुसरी. सगळे नाही आले. दोघे गार पाण्यानेच आंघोळ करून खोकत खोकत अकोल्याला गेले. पण शब्द "कोनी" असा होता, "सारे" असा नाही, आणि वामनराव शब्दाला पक्के निघाले. त्या दिवसापासून माझं बुडाचं दार आणि माथ्यावरचं झाकण एकाच घराकडे आलं. जाईबाईने दुसऱ्या दिवशी पहिल्यांदा झाकण उघडलं, आत डोकावली, आणि किती तरी वेळ डोकावतच राहिली.

फुला पुढे अमरावतीला वसतिगृहात राहून शिकली. जाताना माझ्या पोटावर टिचकी मारून गेली.

मग वर्षं सरली. चिखलदऱ्याला वीज आली. वामनरावांनी पांढराशुभ्र गिझर आणला, आणि मला अंगणाच्या कोपऱ्यात ढकललं. तांबं हिरवं पडलं. एका कोंबडीने माझ्या आगीच्या दारात अंडी घातली. आग राहायची तिथे पिलं! मी रागावलो नाही, पण खरं सांगतो, तोटीला जळमटं लागली तेव्हा वाईट वाटलं. मी पुन्हा मोडीच्या वाटेवर होतो.

सदुसष्ट सालच्या हिवाळ्यात अमरावतीच्या एका शाळेची सहल आली. चाळीस मुली आणि एक बाई. आणि नेमकी त्याच दिवशी वीज गेली! गिझर नुसता भिंतीवर लटकून बसला. तेवढ्यात त्या बाई मागच्या अंगणात आल्या, पदर खोचला, मला चिंच आणि मिठाने खसाखसा घासलं, आणि माझ्या पोटावर टिचकी मारली.

ती टिचकी मी ओळखली. फुला होती ती! पंचफुलाबाई!

शालू नावाची एक उतावीळ मुलगी काडेपेटी घेऊन माझ्या बुडाशी वाकलीही होती. काडी ओढणार, तोच बाई कडाडल्या, "थांब! आधी झाकण उघड."

"काहून बाई? पाणी भरलंच असन ना कोणी तरी."

"असन नाही. पाहा."

शालूने झाकण उघडलं. मी रिकामा होतो. ती आत वाकली, आणि तिलाही काय वाटलं कुणास ठाऊक, जोरात ओरडली, "कोण हाय?" मी उत्तर दिलं. मग चाळीस मुलींना तेच करायचं होतं! ओट्यावर बसलेली म्हातारी जाईबाई तोंडाला पदर लावून हसत होती. तेवढा गलका झाल्यावर त्या मुलींनीच विहिरीपासून माझ्यापर्यंत रांग लावली आणि हातोहात बादल्या आल्या. कुणाची बादली कुणी दिली, कुणी घेतली, हे मला सांगता येणार नाही. मी मोजलं नाही आणि त्यांनीही नाही.

म्हणून मित्रांनो, जुन्या भांड्यांना जपा. वर्षातून एकदा कल्हई करा, चिंचेने घासा, आणि चमकत नाही म्हणून मोडीत घालू नका. आणि माझी एवढी एक विनंती ऐका. कुठेही आग लावण्याआधी झाकण उघडून आत पाहा. आणि कुणाला झाकण उघडायची बंदी असेल, तर आधी ती बंदी उघडा, काडी मागाहून ओढा.

बरं, आता पुरे झालं बोलणं. बाहेर गारठा वाढतो आहे. माझं झाकण उघडंच आहे आणि बादली विहिरीच्या काठावर आहे. चला, लागा भरायला!